गुरुवारचे धुणे आणि शब्बाथची झोप



धर्माचा अभ्यास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सेफेर तोरा, तेफिला, रोजे आणि सण येतात. बादली, साबण, उशी आणि चादर येत नाहीत. परंतु आपल्या ज्ञानी पुरुषांनी घरातील या साध्या गोष्टींचाही बारकाईने विचार केलेला आहे. धुणे कोणत्या दिवशी करावे, बिछाना केव्हा घालावा, किती वेळ व कोणत्या कुशीवर झोपावे, हे सर्व आपल्या ग्रंथांत आले आहे. आजच्या पाठात त्यातील थोडे पाहू. मुद्दा एकच आहे. शब्बाथची विश्रांती घरातल्या प्रत्येकाला मिळाली पाहिजे, घरच्या बाईलाही. आणि ती मिळायची असेल तर तयारी शुक्रवारी दुपारी सुरू करून भागत नाही.

१. एझ्राचा नियम

बाबेलच्या बंदिवासानंतर एझ्रा यरुशलेमला आला आणि त्याने लोकांची घडी पुन्हा बसविली. त्याने घालून दिलेले दहा नियम गमारात (बावा कामा, पान ८२) दिले आहेत. सोमवारी व गुरुवारी तोरा वाचावी, त्याच दिवशी न्यायसभा बसाव्यात, असे मोठे नियम त्यांत आहेत. त्यांच्याच पंक्तीला एक नियम असा आहे की शब्बाथच्या मानाखातर कपडे गुरुवारी धुवावेत. आणखी एक असा की बाईने पहाटे उठून भाकरी भाजावी, म्हणजे दारी आलेल्या गरिबाला ती मिळेल.

तोरावाचनाच्या शेजारी धुणे का बसविले? त्या काळचे धुणे डोळ्यांपुढे आणा. पाणी भरायचे, कपडे भिजत घालायचे, दगडावर आपटायचे, पिळायचे, वाळवायचे. कोकणात आपल्या आज्या विहिरीवर हेच करीत. सारा दिवस त्यात जाई. हे काम शुक्रवारवर ठेवले तर स्वयंपाक कोण करणार आणि दिवे वेळेवर कोण लावणार? म्हणून एझ्राने शुक्रवार मोकळा करून दिला. हा नियम जितका कपड्यांसाठी आहे तितकाच धुणाऱ्या हातांसाठी आहे, असे मला वाटते.

सणांच्या बाबतीतही हाच विचार दिसतो. पेसाह आणि सुक्कोथच्या मधल्या दिवसांत (होल हमोएद) धुणे करीत नाहीत. कारण धुण्याला तेव्हा मोकळीक ठेवली तर लोक सणापूर्वी कपडे धुणार नाहीत आणि सणात मळक्या कपड्यांनी शिरतील. मात्र मिश्नाने काहींना सूट दिली आहे. बंदिवासातून सुटलेला, तुरुंगातून आलेला आणि समुद्रापलीकडून नुकताच पोहोचलेला मनुष्य, यांनी सणातही कपडे धुवावेत. जहाजाने किंवा विमानाने या देशात आलेल्या आपल्या लोकांना ही सूट वाचून बरे वाटावे!

२. धोबी, घाणा आणि यंत्र

मुंबईत धोबी घरी येई, वहीत कपडे मांडले जात, कॉलरला काळ्या शाईची खूण असे. धोब्याचा प्रश्न मिश्नातही आहे (शब्बाथ, अध्याय १). यहुदी नसलेल्या धोब्याला शुक्रवारी कपडे द्यावेत काय? शम्मायचे शिष्य म्हणत, दिवस मावळण्यापूर्वी त्याचे काम पुरे होणार असेल तरच द्यावेत. हिल्लेलचे शिष्य म्हणत, सूर्य असेपर्यंत दिले तरी चालेल. रब्बान शिमोन बेन गमलियेल सांगतात की त्यांच्या वडिलांच्या घरी पांढरे कपडे शब्बाथच्या तीन दिवस आधीच धोब्याकडे जात. गमारा त्यावरून सांगते की रंगीत कपड्यांपेक्षा पांढरे धुण्यास अधिक कठीण. नीळ आणि खळ घालणाऱ्या आपल्या आयांना हे वेगळे सांगावे लागले नसते!

त्याच ठिकाणी तेलाच्या घाण्याचा उल्लेख येतो, आणि तो आपल्याला, म्हणजे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या लोकांना, विशेष जवळचा आहे. ऑलिव्हच्या घाण्यावर शुक्रवारी दिवस असताना वजन ठेवून द्यावे, मग तेल रात्रभर आपोआप झिरपले तरी चालेल, असे दोन्ही पक्षांचे मत आहे. मात्र कोकणातला घाणा बैल ओढतो, आणि तोरेच्या आज्ञेप्रमाणे शब्बाथला बैलालाही विश्रांती आहे. म्हणून आपल्या पूर्वजांचा घाणा शनिवारी पूर्ण थांबे. शेजाऱ्यांनी त्यांना त्या थांबलेल्या घाण्यावरूनच ओळखले.

मग कपडे धुण्याचे यंत्र शुक्रवारी संध्याकाळी लावून द्यावे काय? काम आपोआप होते हे खरे. परंतु शब्बाथला घरातून यंत्राचा आवाज येणे हे त्या दिवसाच्या मानाला शोभत नाही, असा विचार गिरणीच्या बाबतीत पूर्वीच झालेला आहे. आपल्या रावना विचारावे हे उत्तम. गुरुवारी धुणाऱ्याला मात्र हा प्रश्न पडतच नाही.

३. किती दासी?

कथुबोथ या मिश्नात (अध्याय ५) घरच्या बाईच्या कामांची यादी आहे: दळणे, भाजणे, धुणे, स्वयंपाक, मुलाला पाजणे, बिछाना घालणे आणि लोकर कातणे. तिने माहेरून एक दासी आणली तर दळणे, भाजणे व धुणे सुटते. दोन आणल्या तर स्वयंपाक व पाजणेही सुटते. तीन आणल्या तर बिछाना व लोकर सुटते. चार असतील तर तिने खुशाल खुर्चीवर बसावे. रब्बी एलिएझर यांचे मत वेगळे. शंभर दासी असल्या तरी हाताला काम असावे, कारण रिकामपण वाईट मार्गाला नेते, असे ते म्हणत.

आज आपल्या घरी पहिली दासी आली आहे. पीठ दळलेले मिळते, ब्रेड बेकरीत मिळतो, कपडे यंत्र धुते. पण यंत्र कपडे वाळत घालीत नाही, घड्या करीत नाही, इस्त्री करीत नाही आणि बटणही लावीत नाही. शिवाय आपल्या सुना-लेकी दिवसभर बाहेर नोकरी करतात. अश्दोदला काय, दिमोनाला काय, गुरुवारी रात्री अकरा वाजता वळणीवर कपडे घालणारी बाई हे नेहमीचे दृश्य आहे.

यावर गमारातच (शब्बाथ, पान ११९) उपाय आहे. मोठमोठे ज्ञानी शब्बाथची तयारी स्वतःच्या हातांनी करीत. राव हिस्दा भाजी चिरीत, रावा मासळीला मीठ लावीत, राव पापा वाती वळीत, रब्बा व राव योसेफ लाकडे फोडीत, राव नहमान सामानाची ने-आण करीत. घरी नोकर नव्हते म्हणून नव्हे, शब्बाथला मान द्यायचा म्हणून. ज्या कामाने राव नहमान यांचा मान कमी झाला नाही, त्या कामाने आपल्या मुलांचा व जावयांचा कसा होईल?

४. डाग आणि पाणी

आता थोडे व्यवहाराचे. शब्बाथच्या पांढऱ्या सदऱ्यावर मासळीच्या कालवणाचा डाग पडला तर त्या वेळी पाणी लावू नये. कपड्यावर पाणी घालणे, पिळणे हे धुण्यातच मोडते, आणि धुणे हे मना केलेल्या ३९ कामांपैकी एक आहे. वर राहिलेला रस्सा हलकेच काढून घ्यावा आणि बाकीचे शब्बाथ सुटल्यावर पाहावे. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. घाबरू नये. साबणातील खारामुळे हळद रंग बदलते. धुऊन कडक उन्हात टाकावा, उन्हाने हळद उडते. अंड्याचा किंवा रक्ताचा डाग प्रथम थंड पाण्यात धुवावा. गरम पाण्याने तो पक्का बसतो.

मेंदीला व मलिद्याला नेसायची रेशमी साडी यंत्रात टाकू नये. रिठ्याच्या थंड पाण्यात हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवावी, आणि कपाटात ठेवताना अधूनमधून घडी बदलावी, म्हणजे जर घडीवर तुटत नाही.

एक इशारा महत्त्वाचा आहे. एकोनोमिका आणि चुन्याचे पुट काढण्याचे अ‍ॅसिडचे द्रव कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो. शुक्रवारच्या घाईत, बंद न्हाणीघरात, हा धोका अधिक.

५. बिछाना

मिश्नात (शब्बाथ, अध्याय १५) कपड्यांच्या घड्या आणि बिछाना हे दोन्ही विषय एकाच वाक्यात आहेत. शब्बाथच्या रात्री बिछाना शब्बाथच्या दिवसासाठी घालता येतो, पण शब्बाथच्या दिवशी त्या रात्रीसाठी घालता येत नाही. कारण शब्बाथने आठवड्याची चाकरी करायची नाही. झोपेलाही तोच न्याय आहे. शनिवारी दुपारी खुशाल झोपावे, पण ‘रात्री काम आहे म्हणून आता झोपून घेतो’ असे म्हणू नये.

शुल्हान आरूखमध्ये तर मेज मांडणे, बिछाने घालणे व घर आवरणे ही शब्बाथच्या स्वागताची तयारी म्हणून सांगितली आहेत. तेव्हा बुधवारी किंवा गुरुवारी चादरी व अभ्रे धुवावेत. दमेकरी असेल त्या घरी ते ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत, म्हणजे बिछान्यातील बारीक किडे मरतात.

६. झोप

रमबाम हे धर्मज्ञ तसेच मिसरमधील नामांकित वैद्य. ते सांगतात की दिवसरात्रीचे २४ तास, त्यांचा तिसरा हिस्सा, म्हणजे ८ तास, झोप पुरे. जेवल्यावर तीन-चार तास थांबून निजावे. पालथे किंवा उताणे निजू नये. रात्रीच्या सुरुवातीस डाव्या कुशीवर व शेवटी उजव्या कुशीवर असावे. आपल्या मराठीतील ‘वामकुक्षी’चा अर्थही डावी कूस असाच आहे. आजचे डॉक्टरही प्रौढांस निदान ७ तास झोप सांगतात, आणि ज्यांना आंबट ढेकर येतात त्यांस डावी कूस बरी म्हणतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागतात. ती रात्री बारापर्यंत फोन घेऊन बसली तर सकाळी वर्गात पेंगणारच, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा.

एका बाबतीत मात्र जुन्या वहिवाटीपेक्षा आजचे ज्ञान पाळावे. तान्ह्या बाळाला झोपविताना उताणेच ठेवावे, गादी घट्ट असावी, उशी व सैल पांघरूण असू नये. आजीने शिवलेली गोधडी बाळ जागे असताना खेळायला जमिनीवर अंथरावी.

दिवसा झोपू नये असे रमबाम म्हणतात. परंतु ज्याला दुपारच्या झोपेची सवय आहे त्याने ती शब्बाथला मोडू नये, कारण तो त्याचा आनंद आहे, असे शुल्हान आरूख सांगतो.

निजताना शेमा म्हणण्याची आज्ञा शेमातच आहे. आपले पूर्वज इतर पुष्कळ तेफिला विसरले, पण शेमा विसरले नाहीत. नातवंडांना झोपविताना तो म्हणायला दोन मिनिटे लागतात.

७. आठवड्याची वाटणी

रविवार व सोमवार: शब्बाथचे मेजपोस व रोजचे कपडे. मंगळवार: मुलांचे व कामाचे कपडे. बुधवार: चादरी, अभ्रे, टॉवेल. गुरुवार: शब्बाथचे कपडे व इस्त्री. शुक्रवार: स्वयंपाक, अंघोळ, बिछाने, दिवे. शुक्रवारी यंत्र बंद.

या यादीत प्रत्येक कामापुढे एक नाव लिहावे. सगळीकडे एकच नाव आले तर यादी फाडून नवी करावी.

स्वाध्याय (मुलांसह करावा)

१. एझ्राने धुण्यासाठी गुरुवार का ठरविला?
२. ऑलिव्हच्या घाण्याला जी मुभा आहे ती बैलाच्या घाण्याला का नाही?
३. गेल्या शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वीच्या तासात तुमच्या घरी कोण बसले होते आणि कोण उभे होते? उत्तर वहीत न लिहिता पुढच्या गुरुवारी हातांनी द्यावे.

शब्बाथ शालोम.