ऑफिसच्या खिडकीत कीटकभक्षी झाड

प्रश्न : बीडमध्ये ऑफिसच्या पूर्वेकडच्या खिडकीत व्हीनस फ्लायट्रॅप जगेल का?

उत्तर : जगवणं अवघड आहे. अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या दलदलीतल्या या झाडाला हिवाळ्यात दोन-तीन महिने थंड विश्रांती लागते, आणि ती बंद ऑफिसात मिळत नाही. त्याऐवजी दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा बर्मानी घ्या. तो आपल्या सह्याद्रीतही उगवतो आणि उष्णता बऱ्यापैकी सोसतो. आयुष्य अल्प, पण स्वतःच्या बियांतून पुन्हा उगवतो.

निवडीपेक्षा पाणी महत्त्वाचं. ही झाडं निकस, ओल्या जमिनीतली. नत्राची उणीव ती किड्यांतून भरून काढतात आणि त्यांच्या मुळांना क्षार सोसत नाहीत. बेसॉल्ट खडकातून येणारं बोअरचं पाणी बहुधा क्षारयुक्त असतं, म्हणून ते टाळाच. पावसाचं साठवलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी कुंडीखालच्या ताटलीत ठेवा. दुष्काळी जिल्ह्यात ही चैन नव्हे, लहान कुंडीला फार थोडं लागतं. धुतलेलं कोकोपीट आणि स्वच्छ वाळू वापरा. काळी माती, खत नको. एसीत किडे नसले तरी झाड उपाशी मरत नाही, अन्न ते उन्हावरच बनवतं. सकाळचं ऊन मात्र हवंच. आणि कासहून रोप उपटून आणू नका. ते पठार २०१२पासून जागतिक वारसा आहे. रोपवाटिकेतून बिया मागवा.