तीस हजार एकरांतले आपले किती?

जाहिरात अशी होती: चालू रँच, 30,000 एकर, 300 गायी, विहिरी, कुंपणं, राहतं घर. किंमत फीनिक्सच्या बऱ्या वस्तीतल्या तीन-चार घरांइतकी.

माझं सासर म्हसवडचं. नवऱ्याचं आणि दिरांचं लहानपण खिलारांच्या गोठ्यात गेलेलं, त्यामुळे इतकी वर्षं टूसॉनमध्ये काढूनही दोघांची गुरांची ओढ सुटलेली नाही. ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात, सॅन सायमनच्या खोऱ्यात रँच विकायला निघालीय म्हटल्यावर दोघंही हरखले. मी हिशेब तपासणारी बाई. मी आधी कागद मागवले. सौदा आम्ही शेवटी सोडला. अशा जाहिराती आता आपल्या मंडळींतही फिरताना दिसतात, म्हणून कागदांत काय सापडलं ते सांगते.

मालकीची जमीन निघाली जेमतेम 1,900 एकर. बाकीची काही ॲरिझोना राज्याच्या ट्रस्टची, काही केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे बीएलएमची. तिथे आपली फक्त चराई. यात फसवाफसवी नाही. या भागातल्या बहुतेक मोठ्या रँच अशाच असतात. बीएलएमचा दरही नाममात्र: एक गाय-वासरू महिनाभर चारायचे किमान 1.35 डॉलर. पण 1934च्या टेलर ग्रेझिंग कायद्यात स्वच्छ लिहिलंय की चराईच्या परवान्याने जमिनीवर कसलाही हक्क निर्माण होत नाही. परवाना सहसा दहा वर्षांचा. विक्रीबरोबर तो आपोआप नावावर होत नाही, घेणाऱ्याला अर्ज करावा लागतो. आणि दुष्काळात बीएलएमचं कार्यालय गुरं कमी करायला सांगू शकतं.

आता 300चा आकडा. इथे रँचचा भाव एकरामागे नव्हे, गायीमागे ठरतो, म्हणून या आकड्यालाच खरी किंमत. बीएलएमच्या परवान्यात दोन रकाने असतात: चालू चराई आणि स्थगित चराई. स्थगित म्हणजे कधीकाळी मंजूर होती, पण गवत उरलं नाही म्हणून बाजूला ठेवली. आमच्या जाहिरातीत दोन्हींची बेरीज केलेली होती! दलालाला विचारलं तर म्हणाला, ‘पाऊस चांगला झाला की मिळते परत.’ मग मी मागच्या दहा वर्षांत प्रत्यक्ष किती गुरं चारली त्याच्या नोंदी मागितल्या. त्यांत एकाही वर्षी दोनशेचा आकडा नव्हता. उरलेल्या शंभर गायी कागदावरच्या, पण भाव त्यांचाही लावलेला.

इथले जुने लोक ‘सेक्शनमागे किती गायी’ एवढंच बोलतात. सेक्शन म्हणजे 640 एकर. जाहिरात खरी मानली तरी सेक्शनला सहा-साडेसहा गायी होतात, म्हणजे गायीमागे जवळजवळ शंभर एकर. आपल्या डोक्यात हे लवकर शिरत नाही. माणदेशाला आपण दुष्काळी म्हणतो, तिथे वर्षाला 18-20 इंच पाऊस पडतो. या खोऱ्यात दहाच्या आसपास, आणि त्यातला निम्मा जुलै ते सप्टेंबरच्या वादळी सरींत. हे खोरं एकेकाळी गवताळ होतं. 1880च्या दशकात बेसुमार गुरं घातली, 1891 ते 1893च्या दुष्काळात दक्षिण ॲरिझोनातली निम्म्याहून अधिक मेली, आणि सॅन सायमनच्या पात्राची पुढे खोल घळ झाली. गवताच्या जागी मेस्किटची झुडपं आली ती अजून हटलेली नाहीत.

गवत असूनही पाणी नसेल तर ते गवत हिशेबात धरू नका. गाय पाण्यापासून मैल-दोन मैलांपलीकडे फारशी चरत नाही. तेव्हा नकाशावर प्रत्येक हौदाभोवती दोन मैलांचं वर्तुळ काढा. वर्तुळाबाहेरचे एकर सोडून द्या. आमच्या नकाशाचा मोठा तुकडा असाच बाहेर राहिला. उन्हाळ्यात एक गाय दिवसाला 15-20 गॅलन पिते. दोनशे गायींना चार हजार गॅलनपर्यंत, आणि पंप बंद पडला तर दुरुस्तीला हातात दिवस-दोन दिवसच. प्रत्येक विहिरीचा राज्याच्या जलखात्यातला 55ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा. खोली, पाण्याची पातळी आणि विहीर कुणाच्या जमिनीवर आहे ते पाहा. ॲरिझोनाचा 1980चा भूजल कायदा ठरावीक क्षेत्रांनाच कडक लागू होतो. शेजारच्या डग्लसच्या लोकांनी 2022मध्ये मतदान करून तो स्वतःला लावून घेतला. जिथे तो लागू नाही तिथे शेजारचा पिस्तेवाला तुमच्यापेक्षा खोल बोअर मारू शकतो, आणि तुम्ही फारसं काही करू शकत नाही.

खनिजांचं थोडक्यात: जमीन 1916च्या होमस्टेड कायद्याखाली मिळालेली असेल तर खालची खनिजं केंद्राची. कुंपण म्हणजे हद्द समजू नका, मोजणी करून घ्या. गुरांवरच्या डागाची, म्हणजे ब्रँडची, नोंद राज्याच्या कृषी खात्यात असते; तो सौद्यात आहे का ते लिहून घ्या. गायी मात्र तिथल्याच ठेवा. बाहेरून आणलेल्या गायीला पाणी कुठे आणि विषारी झाड कुठलं ते कळेपर्यंत फार उशीर होतो.

आणखी एक गोष्ट आमच्याकडे कुणी बोलत नव्हतं, शेवटी दिरांनीच काढली. रँचवर दूध नसतं. वासरं मोठी झाली की विलकॉक्सच्या लिलावाला, तिथून फीडलॉटला, पुढे कत्तलखान्यात, उत्पन्न तेवढंच. ज्याच्या मनाला हे पटत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. तसं मागे फिरण्यात मला कमीपणा वाटत नाही.

घ्यायचंच असेल तर करारात दोन अटी घाला: तपासणीला किमान तीन महिने, आणि परवाने नावावर झाले नाहीत तर बयाणा परत. राज्याच्या आणि बीएलएमच्या कार्यालयात स्वतः जा, फाइल मागा. आम्हाला दोन्हीकडे नीट वागवलं. ॲरिझोना विद्यापीठाच्या विस्तार केंद्रातला कुरणांचा जाणकार बरोबर घेऊन जमीन फिरा. आणि जायचं ते जूनमध्ये. सप्टेंबरात सगळंच हिरवं असतं, विकणाऱ्यांचे फोटोही तेव्हाचेच असतात.