बोरीवलीच्या गच्चीवरून

वाई

चि. ओंकार,


नवं घर झकास आहे, पण इथे आकाशच नाही, दुर्बीण विकून टाकू का, असं विचारलंस. विकू नकोस. वाईच्या अंगणात तू ज्या आकाशगंगेवर लट्टू झालास ती बोरीवलीतून दिसायची नाही, तिचा हट्ट सोड. शहराच्या उजेडात मरतात त्या फिकट गोष्टी: दीर्घिका, बहुतेक तेजोमेघ, धूमकेतूंच्या शेपट्या. चंद्र, शुक्र, गुरू, शनी यांच्या अंगची चमक एवढी की तुमच्या रस्त्यावरच्या एलईडींचं त्यांना काही वाटत नाही. उलट समुद्राकाठची दमट हवा पुष्कळदा इतकी शांत असते की गुरूचे पट्टे मला तिकडे जास्त स्वच्छ दिसायचे. नोकरीची सगळी वर्षं तिथेच काढली, म्हणून ठामपणे सांगते.

आधी माणसांचं बघ. रात्री गच्चीवर नळी रोखून उभा राहिलेला पोरगा समोरच्या इमारतीतल्या लोकांना कसा दिसत असेल? सेक्रेटरींना साधा अर्ज दे, आणि पहिल्याच रात्री वॉचमनला चंद्र दाखव. परवानगी फाइलीत राहते, किल्ली त्याच्याकडे असते. संकष्टीला चंद्रोदय बघायला बायका वर येतातच. त्या दिवशी दुर्बीण लावून ठेवलीस की महिन्याभरात तू सगळ्या सोसायटीचा होशील. तेव्हा चंद्र एका कडेनं झिजू लागलेला असतो आणि त्या कडेला विवरांच्या सावल्या पडलेल्या असतात. कोजागिरीला मात्र दूध पी आणि गप्पा मार. पौर्णिमेच्या चंद्रावर ऊन अगदी समोरून पडतं, सावली उरत नाही, सगळं पिठासारखं सपाट.

खरा चंद्र शुद्ध अष्टमी-नवमीचा. उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेशी टॉलेमियस, अल्फोन्सस आणि अर्झाचेल ही तीन विवरं एकाखाली एक दिसतात. तिथे अर्धा तास थांब. काळोखात एकच पांढरा ठिपका दिसेल. ते डोंगराचं टोक, त्याच्यावर नुकतं ऊन आलंय. चहा पिऊन परत डोळा लाव, ठिपका वाढलेला असेल. दर दोन मिनिटांनी नळी फिरवणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, आणि तुझी ती सवय मला माहीत आहे.

खोक्यावर 525 पट छापलंय ते विसर. तुझी दुर्बीण 130 मिलिमीटरची, नाभीय अंतर 650. पंचवीसचं आयपीस लावलंस की 26 पट, दहाचं लावलंस की 65. एवढ्यात शनीची कडी दिसते, शेजारी टायटनचा ठिपकाही. मार्च 2025मध्ये ती कडी आपल्याला अगदी कडेवर आली होती. आता वर्षागणिक उघडत जाईल, 2032च्या सुमारास पुरती. आणखी महागडं आयपीस घ्यायची घाई नको.

फाइंडर दिवसा जुळवून घे. गच्चीवरून गोराईच्या पॅगोड्याचं सोनेरी टोक दिसत असेल तर त्यावर, पण सकाळीच, सूर्य पाठीशी असताना. दुपारनंतर पश्चिमेकडे नळी वळवायची नाही. सूर्य चुकून आत आला तर डोळा गेला. यात माझ्याकडे गंमत चालत नाही.

स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री ऊब सोडत राहतो, चित्र उकळत्या पाण्यासारखं हलतं. दुर्बीण तासभर आधी वर नेऊन ठेव, बघायला दहानंतर बस. एसीच्या खोलीतून, खिडकीच्या काचेतून बघायचा तर विचारही नको.

आता तुझ्या गच्चीचं स्वतःचं आकाश ओळख. बोरीवलीचा अक्षांश साधारण 19.2 अंश, म्हणून ध्रुव उत्तर क्षितिजापासून तेवढाच वर: हात ताणून धरलेली एक वीत. फेब्रुवारीत रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्यही जवळपास तेवढ्याच उंचीवर असतो. मधे टॉवर आला तर दहा पावलं सरक. पूर्वेला नॅशनल पार्क, तिथून दिवे नाहीत, ही तुझी चैन. (रात्री आत शिरायचं मनात आणू नकोस. बिबटे तिथले मूळ रहिवासी आहेत.) आणि स्वाती! तिची क्रांती 19 अंशांच्या जरा वर, म्हणजे ती तुझ्या गच्चीच्या जवळजवळ बरोबर माथ्यावरून जाते. मेच्या अखेरीला साडेदहाच्या सुमारास सतरंजीवर उताणा पडून नुसत्या डोळ्यांनी ती नारिंगी ठिणगी बघ. नळी सरळ वर धरायला गेलास तर मान मोडेल. त्याच दिवसांत सप्तर्षीतला वसिष्ठ दुर्बिणीत घे. लग्नात दाखवतात ती अरुंधती बाजूला असतेच, पण खुद्द वसिष्ठच दोन तारे होऊन समोर येतो.

आकाशगंगेची फारच ओढ लागली तर खगोल मंडळाच्या वांगणीच्या कार्यक्रमाला जा. रात्रभर जागणारी, कुणालाही प्रश्न विचारू देणारी माणसं आहेत. अमावस्येच्या जवळची तारीख बघ, स्वेटर घे.

जून ते सप्टेंबर दुर्बीण घरात. बोरीवलीची दमट हवा काचेवर बुरशी आणते, आणि ती काचेत शिरली की डाग कायमचा. आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेव. पुड्या दर महिन्याला वाळव. आरसा फडक्यानं पुसायचा नाही, कितीही धूळ दिसो. त्या चार महिन्यांत शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं ‘ज्योतिर्विलास’ वाच. 1892चं पुस्तक, भाषा जुनी वाटेल, पण नुसत्या डोळ्यांनी आकाश बघायला त्यांच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही.

किल्लीचं काय ठरलं ते कळव. सेक्रेटरी कुरकुरले तर त्यांच्या नातवंडांना आधी वर बोलाव. वहिनीला सांग, दिवाळीत मी येतेय. फराळाचं मी आणते, तिनं फक्त गच्चीवर दोन खुर्च्या ठेवाव्यात.

तुझी,
आत्या