चाकावर न फिरलेली थाळी

मटेरियल सायन्समधलं ‘सिरॅमिक्स’ आपण बहुतेक जण ऑप्शनला टाकतो. आज तेच एका थाळीवरून समजून घेऊ. थाळी आहे जयपूरच्या ब्लू पॉटरीची. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कला जवळजवळ बंद पडली होती. ती पुन्हा उभी करण्यात शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार कृपाल सिंह शेखावत (१९२२–२००८) यांचा मोठा वाटा. १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

१) बॉडी : यात कुंभाराची चिकणमाती नाही. मुख्य घटक क्वार्ट्झची पूड. सोबत काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक. या लगद्याला लवचिकपणा नसतो, म्हणून थाळी चाकावर न घडवता साच्यात दाबून करतात. वाळल्यावर घासून गुळगुळीत करायची आणि वर पांढरा लेप द्यायचा.

२) रंग : निळा कोबाल्ट ऑक्साईडचा, फिरोजी कॉपर ऑक्साईडचा. गंमत म्हणजे कोबाल्ट ऑक्साईड कच्चं असताना काळपट दिसतं. म्हणजे चित्रकार काळ्यात रंगवतो आणि निळं डोळ्यांपुढे आणतो! चित्रावर ग्लेझचा थर येतो.

३) भट्टी : एकदाच, सुमारे ८००–८५० अंश सेल्सिअसला. ग्लेझ वितळून काच होते. मग घाई करायची नाही. ५७३ अंशांला क्वार्ट्झची स्फटिकरचना बदलते आणि आकारमान एकदम घटतं. भट्टी लवकर उघडली तर थाळी गेलीच समजा.

४) तडे : थंड होताना ग्लेझ बॉडीपेक्षा जास्त आकसली, तर तिच्यात टेन्शन येतं. काच कॉम्प्रेशन सोसते, टेन्शन नाही. मग कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पडतात. त्याला क्रेझिंग म्हणतात. थर्मल एक्स्पान्शन कोइफिशंट कशाला शिकायचा, याचं उत्तर इथे आहे.

५) जेवायचं का? : पारंपरिक ग्लेझमध्ये शिसं असतं, त्यामुळेच ती कमी तापमानाला वितळते. पण लिंबू, लोणचं, ताक असं आंबट पडलं की शिसं अन्नात उतरू शकतं, आणि ते चवीवरून कळत नाही. हल्ली काही कारागीर शिसं न वापरता ग्लेझ करतात. म्हणून घेताना विचारा. खात्री नसेल तर थाळी भिंतीवर लावा. रूमवरची भेळ स्टीलच्या ताटलीतच बरी!