जुनी मोटारसायकल, कार्बोरेटर आणि आपले इथेनॉल



आपल्या सिंधुदुर्गातला ऊस घाटाखाली पिकतो आणि गाळपाला घाट चढून जातो. तोडणीची टोळी आली का, ट्रॉली भरली का, पाण्याची पाळी कोणाची, या सगळ्या धावपळीत शेतकऱ्याच्या हाताशी असते ती मोटारसायकल. मालवण-आचऱ्यापासून कणकवली-वैभववाडीपर्यंत अजूनही कित्येक घरांच्या पडवीत जुनी येझदी, राजदूत, बुलेट, १९८५ साली आलेली आर.एक्स. १०० किंवा त्याच सालची सीडी १०० उभी आहे. या गाड्यांचे इंजिन दणकट. पण हल्ली तक्रार एकच ऐकू येते : "गाडी सकाळी लागत नाही, मध्येच खोकते, घाटात दम सोडते."

दोष बहुतेक वेळा कार्बोरेटरात सापडतो, आणि त्याचा संबंध आपल्या उसाशी येतो. म्हणून हा विषय या अंकात घेतला आहे.

पेट्रोलमधले आपले इथेनॉल

पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याची योजना २००३ साली सुरू झाली, त्यात महाराष्ट्र होता. २०२२ च्या जूनमध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोचले. एक टन उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केले तर सुमारे ७० लिटर मिळते. साखरेचे भाव पडले तरी कारखान्याला पैसा मिळण्याची दुसरी वाट यामुळे तयार झाली. उसाचे बिल वेळेवर निघण्याशी तिचा संबंध आहे, हे सभासदांना वेगळे सांगायला नको.

पण खरे ते सांगितले पाहिजे. जुन्या गाड्या या इंधनासाठी बनलेल्या नव्हत्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे की शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या दुचाकीचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ३ ते ४ टक्क्यांनी घटते. तेव्हा तक्रार करणाऱ्याला खोटे पाडू नये. तशीच इथेनॉलच्या नावाने नुसती बोटेही मोडू नयेत. इथेनॉलचे तीन गुण समजून घेतले तर जुनी गाडी नीट चालवता येते.

पहिला गुण : इथेनॉल पाणी ओढते. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच ओली, त्यात किनाऱ्याला खारा वारा. अर्ध्या भरलेल्या टाकीत हवेबरोबर दमटपणा शिरतो. थोडे पाणी इंधनात विरघळून राहते, पण प्रमाणाबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होऊन तळाशी बसतो. पेट्रोल कॉकचे तोंड तळाशीच असते.

दुसरा गुण : इथेनॉल जुना गाळ सोडवते आणि जुन्या प्रकारचे रबर फुगवते. टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज आणि चिकटा सुटून जेटमध्ये अडकतो.

तिसरा गुण : इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलो. कार्बोरेटरचे भोक तेच राहिले तर मिश्रण "पातळ" होते, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. इंजिन तापते. नव्या गाडीत संगणक हे आपोआप सांभाळतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. जुन्या गाडीत ते काम आपल्याला हाताने करावे लागते.

एक सोपा प्रयोग

काचेच्या उभट बाटलीत दहा भाग पेट्रोल घ्यावे, त्यात एक भाग पाणी घालावे. पाणी कुठवर आले तिथे खूण करावी. झाकण लावून हलवावे आणि दहा मिनिटे ठेवावे. खालचा थर खुणेच्या बराच वर आलेला दिसेल. पेट्रोलमधले इथेनॉल पाण्याने ओढून घेतले, त्याचा हा पुरावा. टाकीत पाणी गेले तर तिथेही हेच होते. प्रयोग खळ्यात, चुलीपासून दूर करावा. ते पेट्रोल पुन्हा टाकीत ओतू नये.

दोष कुठला ते ओळखणे

कार्बोरेटर उघडण्यापूर्वी गाडी कुठे अडते ते पाहावे.

१) गाडी लागत नाही किंवा आयडलला बंद पडते : पायलट जेट तुंबला आहे.
२) मधल्या रेसला खोकते : सुई आणि सुईचा जेट पाहावा.
३) पूर्ण रेसला, चढावर दम सोडते : मेन जेट, नाहीतर टाकीच्या कॉकची जाळी.
४) कार्बोरेटर गळतो : फ्लोटची सुई झिजली आहे किंवा फ्लोटला भोक पडले आहे.
५) रेस सोडली तरी इंजिन चढेच राहते : कुठून तरी चोरून हवा शिरते आहे. केबल अडकली नाही ना, तेही पाहावे.

उघडणे आणि साफ करणे

काम उघड्यावर करावे. जवळ बिडी, चूल, दिवा नसावा. कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढावे. तळाशी थेंब किंवा थर दिसला तर पाणी आहे. मग टाकी रिकामी करून धुतल्याशिवाय पुढचे काम करू नये, ते फुकट जाईल.

कार्बोरेटर बाहेरून स्वच्छ करूनच उघडावा. भाग परातीत क्रमाने मांडावेत. एअर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे लागले ते कागदावर लिहावे. सुईची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे तेही लिहावे. या दोन नोंदी नसतील तर जोडताना अंदाजपंचे होते.

रबराचे सर्व भाग आणि फ्लोट वेगळे काढूनच कार्बोरेटर क्लीनरचा फवारा वापरावा, नाहीतर ताजे पेट्रोल आणि मऊ ब्रश. पंक्चरवाल्याकडच्या हवेने प्रत्येक वाट फुंकावी. एका बाजूने फुंकलेली हवा दुसऱ्या बाजूने बोटाला लागली पाहिजे. जेट उजेडाकडे धरून पाहावा, भोक गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. तुंबला असेल तर विजेच्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार वापरावी. टाचणी, सेफ्टी पिन घालू नये. जेट पितळेचा, म्हणून मऊ. भोक केसभर वाढले तरी गाडी पेट्रोल पिऊ लागते. आतली पांढरी पूड आणि पितळेवरचा हिरवा डाग हे पाण्याचे काम. ते ब्रशने काढावे, पॉलिशपेपर लावू नये.

पितळी फ्लोट कानाजवळ हलवावा. आत पेट्रोल वाजले तर भोक आहे. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे कुठून येतात त्यावरून जागा कळते.

जोडणी

फ्लोटची सुई, ओ-रिंग आणि गॅस्केट जुनी परत घालू नयेत. रिपेअर किट घेताना इथेनॉल सोसणाऱ्या रबराची मागावीत. पेट्रोलची नळीही बदलावी. जेट बेताने आवळावेत, पिळू नयेत, नाहीतर आटे जातात. स्लाइडची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे यावी. फ्लोटची उंची गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. जोडल्यावर कॉक उघडून पाच मिनिटे थांबावे, गळती नसेल तरच गाडी सुरू करावी.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर असेल तर कितीही ट्यूनिंग केले तरी उपयोग नाही. आयडलवर त्या रबरावर थोडे पाणी शिंपडावे. आवाज बदलला तर तिथून हवा शिरते.

ट्यूनिंग

गाडी दहा मिनिटे चालवून इंजिन गरम करावे, चोक बंद असावा. एअर स्क्रू पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर, ही सुरुवात. आयडल थोडे चढे ठेवून स्क्रू पाव-पाव फेरा फिरवावा. जिथे इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखे चालते ती जागा खरी. मग आयडल खाली आणावे. एक खूण पक्की ध्यानात ठेवावी : स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ होते. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की मिश्रण दाट होते.

नंतर नवा प्लग लावून चढावर पूर्ण रेसने गाडी न्यावी, तिथेच इंजिन बंद करून प्लग पाहावा. फिकट तपकिरी रंग ठीक. कोरडा काळा म्हणजे दाट. पांढराफटक म्हणजे पातळ. आजच्या पेट्रोलवर जुन्या गाडीचा प्लग पांढरा दिसण्याचा संभव जास्त. तसे असेल तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्यावी, म्हणजे सुई वर उचलली जाते. तेवढ्याने भागले नाही आणि दोष पूर्ण रेसला असेल, तर मेन जेट एक नंबर मोठा लावावा. एका वेळी एकच बदल करावा.

येझदी आणि राजदूतवाल्यांनी विशेष जपावे. या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलमधूनच जाते. जेट अर्धा तुंबला तर पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडते, आणि तळाचा पाण्याचा थर इंजिनात गेला तर त्यात ऑइल जवळजवळ नसतेच. मग पिस्टन जाम होतो. तीस-चाळीस रुपयांच्या जेटकडे दुर्लक्ष केल्याने बोअर करण्याचा खर्च अंगावर येतो, तोही ऐन तोडणीच्या दिवसांत.

आगोटीची तयारी

आगोटीला आपण घर शाकारतो, लाकूडफाटा भरतो. तशीच गाडीचीही तयारी करावी. पावसात गाडी तीन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी. टाकीच्या झाकणाचे रबर बदलावे. कॉकची जाळी साफ करावी. गणपतीनंतर गाडी बाहेर काढताना वाटीतले पहिले पेट्रोल बाटलीत काढून पाहावे आणि मगच किक मारावी. हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा वरीलप्रमाणे पूर्ण साफसफाई झाली की वर्षाची काळजी मिटते.

सभासदांनो, आपण पिकवलेल्या उसाचाच अंश आपल्या टाकीत परत येतो. त्याला पाण्यापासून जपले, तर उसाचे बिलही मिळेल आणि गाडीही घाट चढेल.