मूळ फाइलही मागून घ्या

तापीकाठच्या आमच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोडेबाजारही त्याच दिवसांत. यात्रेची माहिती आणि गावातल्या जाणत्यांच्या आठवणी आम्ही काही जणांनी मिळून एका पुस्तिकेत छापल्या होत्या. काही वर्षांनी भर घालून नवी आवृत्ती काढायचं ठरलं, तोवर अक्षरजुळणीचा संगणक भंगारात गेलेला. हाती उरली ती छपाईची पीडीएफ. मोबाइलवर उघडली तर काना-मात्रा जागच्या जागी. मजकूर कॉपी करून वर्डमध्ये घेतला, तर मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला! आठवणी सांगणाऱ्यांपैकी काही जण आता हयात नाहीत, त्यामुळे जीव फार कासावीस झाला. अखेर पान समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप केलं.

१९९३ साली अ‍ॅडोबीने पीडीएफ आणली तीच मुळी कुठल्याही यंत्रावर पान हुबेहूब दिसावं म्हणून. फॉन्ट फाइलमध्येच साठवता येतो. वर्डची फाइल दुसऱ्याकडे उघडली की तक्ते सरकतात, ओळी पुढच्या पानावर जातात. छापखान्याला म्हणूनच मी आजही पीडीएफच देतो. पण ती जपते अक्षराचं रूप आणि जागा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, संगणक रोमन वाचतो. युनिकोडमध्येही पीडीएफ नीट बनली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी नि जोडाक्षरं विस्कटतात. डोळ्यांसमोरचा ‘किंमत’ शब्द शोधूनही सापडत नाही.

म्हणून काम देतानाच सांगा : पीडीएफ हवी आणि युनिकोडमधली मूळ फाइलही हवी. बिल चुकतं करण्याआधी दोन्ही उघडून बघा.

सातबाऱ्याचंही तसंच. डिजिटल स्वाक्षरी फाइलमध्ये असते. प्रिंट काढून ती पुन्हा स्कॅन केली, तर उरतं फक्त चित्र, त्यावरून ती स्वाक्षरी पडताळता येत नाही. डाउनलोड केलेली फाइल जशीच्या तशी जपा.

आणि पीडीएफमधल्या आधार क्रमांकावर काळी पट्टी ओढून कुणाला पाठवू नका. पट्टीखालचे आकडे बऱ्याचदा कॉपी करून वाचता येतात. मास्क केलेलं आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.