बाजरी : विरळणी चुकवू नका



बाजरी दाट राहिली की ताटं बारीक पडतात, फुटवे कमी येतात, कणसं आखूड राहतात. फार पातळ झाली तर मोकळ्या जागेत तण माजतं.

✅ अंतर : दोन ओळींत 45, दोन रोपांत 15 सें.मी. म्हणजे एकरी सुमारे 60 हजार रोपं.

✅ पहिली विरळणी उगवणीनंतर 10 दिवसांनी. जमिनीत ओल हवी. उपटलेल्या चांगल्या रोपांनी लगेच नांग्या भरा.

✅ दुसरी विरळणी 20 दिवसांनी. आता अंतर पक्कं करा.

✅ तपासणी : ओळीत 3 मीटर दोरी धरा. 20 रोपं बरोबर. जास्त असतील तर बारकी काढा.

हिरवं रोप उपटायला जीव धजत नाही, खरंय. पण दाट ठेवलं तर दाणाच घटतो.